‘विभक्त’ घरातली एकटी आजी: राष्ट्रीय सर्वेक्षणातून पुण्यातलं कुटुंब मोजताना

कोथरूडमध्ये ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या विश्वस्त संस्थेनं एका कंपनीकडे मदतीचा प्रस्ताव पाठवला होता. मागणी साधी होती: दिवसभर बसता येईल असं केंद्र, दुपारचा डबा आणि दवाखान्यात सोबत येणारी दोन-तीन पगारी माणसं. प्रस्तावाच्या सुरुवातीलाच ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ५८ टक्के कुटुंबं विभक्त झाली असून पुण्यातले ज्येष्ठ एकाकी पडले आहेत.’ कंपनीकडून दोन प्रश्न आले. हा आकडा पुण्याचा आहे का? आणि गेल्या काही वर्षांत नेमकं काय बदललं? संस्थेचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, प्रस्ताव घेऊन माझ्याकडे आले. मी संख्याशास्त्र शिकवते आणि सरकारी सर्वेक्षणांच्या मूळ फायलींवर काम करते. “ताई, आकडा सरकारी आहे, मग अडलं कुठं?” हा त्यांचा सवाल.

आकडा खरा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या पाचव्या फेरीतला तो आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१९ ते २०२१ या काळात देशभरातल्या ६,३६,६९९ घरांत जाऊन ही माहिती गोळा केली. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा ५६ टक्के होता. म्हणजे चार-पाच वर्षांत फरक दोन टक्क्यांचा, आणि तोही सगळ्या देशाचा. त्याच काळात घरातल्या माणसांची सरासरी ४.६ वरून ४.४ वर आली.

माणसांची सरासरी घटली की लोक लगेच म्हणतात, बघा, एकत्र कुटुंबं मोडताहेत. पण त्याच दोन फेऱ्यांमध्ये देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, २.२ वरून २.० वर आला आणि महाराष्ट्राचा १.९ वरून १.७ वर. घरात मुलंच कमी जन्मली तर आजी-आजोबा, मुलगा-सून सगळे एका छपराखाली राहत असूनही सरासरी खाली येणारच. म्हातारपणी कुणाजवळ राहायचं हा प्रश्नही त्यामुळे आधीच्या पिढीपेक्षा वेगळा झाला आहे. चार मुलगे असले की एक बंगळूरला, एक परदेशात गेला तरी दोघं उरतात. एकुलती एक मुलगी असेल आणि ती लग्न होऊन नागपूरला गेली, तर भांडण नसतानाही घरात दोघंच उरतात. म्हणून मी संस्थेला पहिल्याच बैठकीत सांगितलं, ‘मोडलं’ हा निष्कर्ष बाजूला ठेवा. आधी कोण कोणाबरोबर राहतं एवढंच पाहू.

यादीतलं एक पान

एनएफएचएसच्या अहवालात विभक्त घराची व्याख्या दिलेली आहे, आणि प्रस्ताव लिहिणाऱ्यांपैकी फार थोडे ती वाचतात. नवरा-बायको, किंवा एकटा पुरुष, किंवा एकटी बाई, सोबत अविवाहित मुलं असोत वा नसोत, आणि नात्याबाहेरचं कुणी राहत असो वा नसो, हे सगळं ‘विभक्त’ या एकाच खान्यात जातं.

याचा अर्थ काय होतो ते पाहायला त्या सर्वेक्षणातल्या घरातल्या माणसांच्या यादीचं एक पान डोळ्यांसमोर आणू. यादीत दर माणसाला एक ओळ. पुढं रकाने: कुटुंबप्रमुखाशी नातं, स्त्री की पुरुष, इथं नेहमी राहता का, काल रात्री इथं झोपला होता का, वय, वैवाहिक स्थिती, शिक्षण. आता समजा पहिली ओळ अशी: प्रमुख स्वतः, स्त्री, वय ७८, विधवा. दुसरी ओळ: घरकामाला असलेली, स्त्री, वय ४१. पान संपलं. रात्रंदिवस राहणारी केअरटेकर असलेल्या आजींचं हे घर आहे. व्याख्येप्रमाणे ते विभक्त घर. दुसऱ्या पानावर ३४ वर्षांचा नवरा, ३१ वर्षांची बायको आणि पाच वर्षांचा मुलगा. दोघंही हिंजवडीला नोकरीला. तेही विभक्त घर. तिसऱ्या पानावर सत्तरी ओलांडलेलं जोडपं, मुलं दोन्ही परदेशात. तेही विभक्तच.

या तिन्ही घरांना एकाच टक्केवारीत मोजून कुणाला डबा हवा आहे हे कळणार नाही. ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्या आजी ५८ टक्क्यांच्या आत बसल्या आहेत, पण हिंजवडीच्या जोडप्यासोबत. ज्येष्ठांच्या एकटेपणाचा पुरावा म्हणून विभक्त घरांचा आकडा वापरणं मला म्हणूनच पटत नाही. मूळ फाइल मात्र मोलाची आहे, कारण त्यात ही यादी ओळीओळीनं शाबूत असते. तयार टक्केवारी सोडून यादी उघडली की आपल्या प्रश्नाला लागणारे गट आपल्याला स्वतः बांधता येतात.

आम्ही तसेच बांधले. एकक घर ठेवलं नाही, साठ किंवा त्याहून अधिक वयाचा माणूस ठेवला. प्रत्येकासाठी पाहायचं: एकटे राहतात का, फक्त जोडीदारासोबत का, विवाहित मुलासोबत का, विवाहित मुलीसोबत का, अविवाहित मुलांसोबत का, की इतर कुणासोबत. मुलगीचा खाना वेगळा ठेवायचा की नाही यावर संस्थेत बराच वाद झाला. सचिवबाई ठाम होत्या. “आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आया लेकीकडे राहतात, आणि त्या लेकीकडे राहतात म्हणून जावयाचं नाव प्रमुख म्हणून लागतं,” असं त्या म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. यादीत नातं प्रमुखाशी सांगायचं असतं. प्रमुख जावई असेल तर आजींची ओळख ‘सासू’ अशी नोंदली जाते आणि ‘आईवडील’ शोधणाऱ्या फिल्टरमधून त्या गळतात. सासू-सासऱ्यांचा संकेतांक वेगळा असल्यानं तो मुद्दाम जोडून घ्यावा लागतो. मात्र घरात मुलगा-सून आहेत आणि प्रमुख सून आहे, तरी सासू सासूच. तेव्हा प्रमुख कोण, ती बाई की पुरुष, विवाहित की विधवा, हे प्रत्येक वेळी पाहूनच खाना ठरवावा लागला.

घर मोजायचं की माणूस, याचा परिणाम किती मोठा होतो ते साध्या हिशेबात दिसतं. दहा घरं घ्या. सहा विभक्त, प्रत्येकी तीन माणसं, म्हणजे १८ जण. चार एकत्र, प्रत्येकी सहा माणसं, म्हणजे २४ जण. घरं मोजली तर ६० टक्के विभक्त. माणसं मोजली तर ५७ टक्के लोक एकत्र घरात राहतात. दोन्ही विधानं एकाच दहा घरांबद्दलची आणि दोन्ही खरी.

पुण्याचा आकडा का निघत नाही

अध्यक्षांची पुढची अपेक्षा स्वाभाविक होती: पुणे जिल्ह्याचे दोन फेऱ्यांतले आकडे काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. जिल्हा पातळीवरचे आकडे या सर्वेक्षणात चौथ्या फेरीपासून मिळतात. १९९२-९३, १९९८-९९ आणि २००५-०६ च्या फेऱ्या राज्यापर्यंतच पोचत होत्या. तिसऱ्या फेरीत आठ शहरांचे वेगळे नमुने घेतले होते, त्यांत महाराष्ट्रातली मुंबई आणि नागपूर होती, पुणे नव्हतं. तेव्हा पुण्यासाठी तुलना करायला हातात दोनच फेऱ्या होत्या.

पाचव्या फेरीत महाराष्ट्रात ३१,६४३ घरांची माहिती घेतली. जिल्हे ३६, म्हणजे सरासरी जिल्ह्याला ८८० च्या आसपास घरं. ही घरं सुटी सुटी निवडत नाहीत. आधी गावं किंवा शहरातले प्रगणन गट (जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग) निवडतात आणि प्रत्येक ठिकाणची २२ घरं घेतात. म्हणजे जिल्ह्यात चाळीसेक ठिकाणं. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ होती आणि पुणे महापालिकेची ३१,२४,४५८, म्हणजे एक तृतीयांश. त्या प्रमाणात धरलं तर सबंध पुणे शहराच्या वाट्याला तेराएक ठिकाणं येतात. कोथरूड, हडपसर, येरवडा, बिबवेवाडी, औंध, पेठा, सगळं मिळून तेरा.

आता नमुन्यामुळे येणारी तफावत पाहू. समजा जिल्ह्यातल्या ८८० पैकी एक तृतीयांश घरांत कुणी ना कुणी साठीपुढचं आहे. ती झाली २९० घरं. समजा त्यांतल्या दहा टक्के घरांत ते एकटे आहेत, म्हणजे २९ घरं. एवढ्या नमुन्यावर दहा टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना साडेतीन टक्क्यांची जागा सोडावी लागते. २२ घरं एकाच आळीतली असल्यानं ती एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ती जागा आणखी वाढते आणि चारच्या वर जाते. म्हणजे खरा आकडा सहा ते चौदाच्या दरम्यान कुठंही असू शकतो. पुढच्या फेरीत १३ आला, तर तो बदल आहे की वेगळ्या २२ घरांचा योगायोग, हे सांगता येत नाही. शहरापुरतं पाहायला गेलं तर ही जागा सात टक्क्यांपर्यंत पसरते. अशा आकड्यावर आलेख काढून वाढ दाखवणं मला मान्य नव्हतं, देणगी मिळणार असली तरी.

दुसरी अडचण शहराच्या वाढीची. चौथी आणि पाचवी, दोन्ही फेऱ्यांत ठिकाणं निवडताना चौकट, म्हणजे ज्यातून निवड होते ती मूळ यादी, २०११ च्या जनगणनेची होती. निवडलेल्या ठिकाणी गेल्यावर घरांची यादी नव्यानं करतात, त्यामुळे नवे टॉवर सुटत नाहीत. पण निवड होते ती जुन्या आकारमानावर आणि जुन्या वर्गवारीवर. २०११ मध्ये सूस, म्हाळुंगे ही गावं होती. महापालिकेत ती आली जून २०२१ मध्ये, तेवीस गावांसोबत. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं आली होती. म्हणजे फाइलमधला ‘शहरी’ हा रकाना आज आपण ज्याला पुणे म्हणतो त्याच्याशी जुळत नाही. त्यात फाइलमध्ये जिल्हा कळतो, शहर कळत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड वेगळं करायचं तर ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हवेत, आणि ते लोकांची ओळख उघड होऊ नये म्हणून शहरात दोन किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेले असतात. ही सरकवासरकवी अगदी योग्य आहे. पण दोन किलोमीटरमध्ये कोथरूडचं वारजे होतं.

तिसरी गोष्ट थोडक्यात. महाराष्ट्रातलं पाचव्या फेरीचं काम २०१९ मध्येच उरकलं होतं. करोनानंतर किती मुलगे-सुना घरून काम करायला पुण्यात परतले आणि किती पुन्हा गेले, याचा मागमूस त्यात असणं शक्य नाही.

कुठल्या प्रश्नाला कुठलं सर्वेक्षण

एवढं ऐकल्यावर अध्यक्ष थोडे हिरमुसले. “म्हणजे राष्ट्रीय सर्वेक्षणाचा आम्हाला काहीच उपयोग नाही?” उपयोग पुष्कळ आहे. आपला प्रश्न कुठल्या सर्वेक्षणाच्या ताकदीत बसतो हे पाहून तिकडे वळायचं. या प्रकरणात सर्वांत जास्त वेळ आम्ही याच कामावर घालवला, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

ज्येष्ठांसाठी सर्वांत जवळचं सर्वेक्षण म्हणजे लासी, वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास. पहिली फेरी २०१७-१८ ची. ४५ वर्षांपुढच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या मिळून ७२,२५० जणांच्या मुलाखती, त्यांत ३१,४६४ जण साठीपुढचे. एनएफएचएसमध्ये मुलाखत १५ ते ४९ वयाच्या बायकांची आणि १५ ते ५४ वयाच्या पुरुषांची होते. आजीबद्दल यादीतल्या एका ओळीपलीकडे फारसं काही विचारलं जात नाही. लासीमध्ये आजींनाच विचारतात: मुलं कुठं राहतात, भेट किती वेळा होते, पैशांची देवाणघेवाण कोणाकडून कोणाकडे होते, आंघोळीला, चालायला मदत लागते का आणि ती कोण करतं. देशपातळीवर त्यात साठीपुढच्यांपैकी सुमारे ६ टक्के एकटे राहणारे आणि सुमारे २० टक्के फक्त जोडीदारासोबत राहणारे निघाले. या दोन आकड्यांनी प्रस्तावाची दिशाच बदलली. संस्थेचं सगळं लक्ष एकट्या माणसांवर होतं. त्यांच्या तिपटीहून अधिक माणसं जोडीनं राहतात, आणि त्या जोडीतलं एक आजारी पडलं की दुसरं, तेवढ्याच वयाचं, रात्रंदिवस सेवा करतं. मदतीची निकड तिथंही तितकीच आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, जुलै २०१७ ते जून २०१८ मध्ये, आरोग्यखर्चासोबत साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न होते. आर्थिकदृष्ट्या कोणावर अवलंबून आहात, हयात मुलगे-मुली किती, आणि कोणासोबत राहता. तिथं एकटे राहणाऱ्यांचे दोन प्रकार केलेले आहेत, वृद्धाश्रमात आणि वृद्धाश्रमाबाहेर. पुण्यासारख्या शहरात हा भेद फार गरजेचा.

त्याच यंत्रणेची श्रमशक्तीची, म्हणजे कोण काम करतं आणि कोण बेरोजगार आहे हे मोजणारी पीएलएफएस पाहणी कुटुंबाच्या अभ्यासासाठी कुणाला सुचत नाही. तिच्यात मात्र २०१७-१८ पासून दरवर्षी देशातल्या किमान लाखभर घरांची यादी असते, आणि नात्याच्या रकान्यात विवाहित मूल व अविवाहित मूल वेगळं नोंदलेलं असतं. तीन-चार वर्षं एकत्र केली की शहरी महाराष्ट्राचं चित्र बरंच स्थिर होतं. एक सावधगिरी घ्यावी लागते. नमुना पाहणीच्या पद्धतीत वसतिगृहात किंवा मेसमध्ये राहणारा प्रत्येक जण एका माणसाचं घर धरला जातो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं त्यामुळे एकट्या घरांत जमा होतात. ‘शहरात एका माणसाची घरं वाढली’ असं वाचलं की आधी वयाचा रकाना उघडावा.

आणखी एक, कुटुंबाची घडी बदलत असते. नवं जोडपं वेगळं राहतं, बाळ झाल्यावर आईवडील येतात, मूल मोठं झालं की गावी परततात, एक वारल्यावर दुसरं पुन्हा मुलाकडे येतं. एनएफएचएस दर फेरीत वेगळी घरं निवडतं, त्यामुळे हा प्रवास त्यात दिसत नाही. दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांच्या आयएचडीएस या मानवी विकास सर्वेक्षणानं २००४-०५ मध्ये भेट दिलेल्या घरांपैकी बहुतेकांना २०११-१२ मध्ये पुन्हा गाठलं, आणि मधल्या काळात वेगळ्या झालेल्या भावांची त्याच गावातली घरंही शोधली. ‘कुटुंब मोडलं का’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर असाच पाठपुरावा लागतो.

एकाच जिन्यावरची दोन घरं

इरावती कर्व्यांनी, पुण्यातच बसून, एकत्र कुटुंबाचं वर्णन केलं होतं: एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं जेवणारी, मालमत्ता सामायिक असलेली, देवधर्म एकत्र करणारी आणि नात्यानं बांधलेली माणसं. राष्ट्रीय सर्वेक्षणं यातलं छप्पर आणि चूल मोजतात. मालमत्ता आणि देवघर मोजत नाहीत. ती त्यांची उणीव नाही, घर निश्चित करायला काहीतरी कसोटी लागतेच. पण कोथरूडमध्ये या कसोटीनं काय होतं ते पाहायला हवं.

इथल्या जुन्या सोसायट्यांमधले बंगले आणि दुमजली इमारती पुनर्विकासात गेल्या. एका बंगल्यात आईवडील, दोन मुलगे, सुना, नातवंडं राहत होती. बिल्डरशी करार करताना प्रत्येकाच्या नावानं एकेक फ्लॅट मागून घेतला. आता आईवडील दुसऱ्या मजल्यावर, थोरला चौथ्यावर, धाकटा त्याच्यासमोर. स्वयंपाक तीन ठिकाणी होतो, गणपती एकच बसतो, सकाळचा चहा आजोबा थोरल्याकडे घेतात, आजींच्या गोळ्यांचा डबा धाकटी सून भरते. सर्वेक्षणाच्या यादीत ही तीन वेगळी विभक्त घरं. पेठांमधल्या वाड्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली तेव्हाही असंच घडलं. पुण्यात ‘विभक्त’ होण्याचा काही भाग चटईक्षेत्राच्या हिशेबानं घडला आहे, माया आटल्यानं नाही, आणि कुठलीही राष्ट्रीय प्रश्नावली हे टिपण्यासाठी आखलेली नाही. उलट बाजूही तितकीच खरी. मुलाच्या घरात, एकाच चुलीवर राहून सकाळी आठ ते रात्री आठ एकटे बसणारे आजोबा यादीत एकत्र कुटुंबात असतात.

म्हणून संस्थेनं आपल्याच भागात घरोघर जाऊन नोंद घ्यावी असं ठरलं. पुण्याला हे नवं नाही. गोखले इन्स्टिट्यूटनं धनंजयराव गाडगीळांच्या काळात, १९३६-३७ मध्ये शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती आणि १९५० च्या दशकात फेरपाहणीही. संस्थेची ताकद तेवढी नाही. कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे इथल्या मोजक्या सोसायट्या आणि एक वस्ती, एवढाच आवाका धरला. वस्तीचा समावेश करा हा माझा आग्रह होता. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं एकत्र राहतात त्यामागं दुसरी खोली परवडत नाही हे कारणही असतं, आणि तिथली म्हातारी माणसं दिवसा एकटीच असतात, कारण घरातलं प्रत्येक जण कामावर जातं.

घरातल्या माणसांची यादी आम्ही राष्ट्रीय सर्वेक्षणातलीच, त्याच रकान्यांसह घेतली. ‘नेहमी राहता का’ आणि ‘काल रात्री इथं होता का’ हे दोन्ही प्रश्न ठेवले, कारण पाळीपाळीनं मुलांकडे राहणारे आईवडील आणि सहा महिने परदेशात लेकीकडे जाणारी जोडपी त्यांच्याशिवाय चुकीच्या घरात मोजली जातात. स्वतःचे प्रश्न घुसडून मूळ प्रश्न बदलायचे नाहीत हा नियम पाळला. उद्या राज्याच्या आकड्याशी तुलना करायची तर शब्द तेच हवेत. यादीच्या खाली चारच प्रश्न जोडले. याच इमारतीत किंवा आवारात मूल राहतं का? नसेल तर सर्वांत जवळचं मूल किती मिनिटांवर आहे? दिवसातला किती वेळ घरात एकटे असता? मागच्या वेळी दवाखान्यात सोबत कोण आलं?

शेवटच्या प्रश्नाची उत्तरं वाचताना सचिवबाईंनी एक गोष्ट हेरली. सून, लेक, सून, शेजारीण, लेक, बायको. पुरुषाचं नाव अधूनमधून. हे त्यांना आधीपासून माहीत होतं, पण लिहिलेलं पाहिल्यावर त्या म्हणाल्या, “मग आपण केंद्र कोणासाठी काढतोय ते नीट लिहूया.” वेळेच्या वापराच्या राष्ट्रीय पाहणीनं त्यांना आधार मिळाला. २०१९ मध्ये घरासाठी विनामोबदला काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांत २०२४ मध्ये बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. पाच वर्षांत घरकामाची मिनिटं दोघांचीही थोडी घटली, वाटणी जागच्या जागी राहिली. ही देखभाल पंचेचाळीस-पन्नाशीच्या ज्या बाईच्या अंगावर पडते, तिची स्वतःची नोकरी असते, गुडघे दुखायला लागलेले असतात आणि मुलीची बारावी असते. तिला दुपारचे चार तास मोकळे मिळणं हीसुद्धा ज्येष्ठांची सेवा आहे, हे मला प्रस्तावात स्पष्ट शब्दांत हवं होतं आणि ते आलं.

सुधारलेल्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद असा झाला: ‘देशात साठीपुढच्या सुमारे सहा टक्के व्यक्ती एकट्या आणि सुमारे वीस टक्के फक्त जोडीदारासोबत राहतात, असं २०१७-१८ च्या राष्ट्रीय अभ्यासात आढळलं. पुणे शहरासाठी असा विश्वासार्ह आकडा राष्ट्रीय सर्वेक्षणातून निघत नाही. म्हणून आम्ही आमच्या भागातल्या निवडक सोसायट्या आणि एका वस्तीत त्याच प्रश्नांनी नोंद घेतली. ही नोंद फक्त या भागापुरती आहे.’ अध्यक्षांना धास्ती होती की एवढं मोजून-मापून लिहिलं तर कोण पैसे देणार. कंपनीनं केंद्राला पहिल्या वर्षासाठी मंजुरी दिली, डब्याचा निर्णय पुढं ढकलला, आणि सोबत जाणाऱ्या माणसांची संख्या वाढवायला सुचवलं, कारण दवाखान्याच्या प्रश्नाची उत्तरं त्यांनी वाचली होती.

सध्या काम अडलं आहे ते बंद दारांवर. राष्ट्रीय सर्वेक्षणात निवडलेलं घर बंद मिळालं तर शेजारचं घेता येत नाही, पुन्हा त्याच दारी जावं लागतं. आम्हीही तोच नियम ठेवला. सोसायट्यांमध्ये वॉचमन अडवतो, आणि अनोळखी माणसाला दार उघडू नका हे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी मनावर घेतलेलं असतं, जे योग्यच आहे. पण त्यामुळे ज्यांना शोधायचं तेच गळण्याची भीती सर्वांत जास्त. तेव्हा त्या फ्लॅटची यादी वेगळी ठेवली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीला किंवा कामाला येणाऱ्या मावशींना सोबत घेऊन सुटीच्या दिवशी पुन्हा जायचं ठरलं आहे. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. संस्थेची फेरनोंद त्याच सुमारास, त्याच इमारतींत, त्याच प्रश्नांनी होईल. त्यासाठी आजच्या अर्जांवर इमारतीचं नाव, मजला आणि यादी कोणी लिहून घेतली हे नीट भरलेलं असायला हवं. अर्धवट अर्ज सचिवबाईंनी परत पाठवले आहेत.